आपल्याच रक्ताशी वैर

खडकी छावणीच्या परिसरात ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांना गोचीडताप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गर्द झाडी, जुन्या भिंती, मोकाट कुत्र्यांची ये-जा. तपकिरी गोचिडीला भिंतीच्या फटीत संसार थाटायला आणखी काय हवे? कुत्रे खाईनासे होते, ताप चढतो, कधी नाकातून रक्त येते. डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात आणि कागदावर ‘एर्लिकिया’ हा शब्द उमटतो. तो एका माणसाच्या आडनावावरून आला आहे, हे गोळ्या आणायला धावणाऱ्या कुणाच्या ध्यानात येत नाही. येण्याचे कारणही नाही.

तो माणूस म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख. कुत्र्यांच्या दुसऱ्या, याहून अवघड आजाराशी तर त्यांचा संबंध आणखी जवळचा आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच तांबड्या पेशींना परके समजून मारू लागते, तो हा आजार. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात आणि काल जिन्यावरून उड्या मारणारे जनावर आज उठून पाण्यापर्यंत जात नाही. असे आजारी कुत्रे मी ओळखीच्या दोन घरांत पाहिले. दोन्हीकडे घरच्या बाईंना एकच प्रश्न छळत होता : आमचे काय चुकले? खाण्यात काही गेले का, वेळेवर लक्ष दिले नाही का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी एर्लिख यांच्यापर्यंत पोचलो.

१४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातल्या स्ट्रेलेन गावी, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आजोळचे नातेवाईक कार्ल वायगर्ट हे पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे शास्त्रज्ञ. त्यांच्यामुळे पोराला रंगांचे वेड लागले ते जन्मभरचे. कापडगिरण्यांसाठी तेव्हा नवे कृत्रिम रंग निघाले होते. एर्लिख यांनी ते रक्ताच्या थेंबावर वापरले. कुठली पेशी कुठला रंग धरते, यावरून त्यांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. आज आपल्या रक्ताच्या अहवालावर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असे जे रकाने असतात, त्यांचा पाया हा. माणसाचा अहवाल असो की कुत्र्याचा.

माणूस मोठा गमतीदार होता. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढायचा, जेवणाचे भान नसायचे, सापडेल तिथे सूत्रे लिहायचा. सहायकांना रोजची कामे रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचा. आमच्या बँकेतही असे एक साहेब होते, पण त्यांच्या चिठ्ठ्यांतून औषध कधी निघाले नाही! पुढे एर्लिख यांना क्षय झाला. स्वतःच्या थुंकीतले क्षयाचे जंतू त्यांनी स्वतःच रंग देऊन पाहिले. हवापालटासाठी ते पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले, १८८९ मध्ये बरे होऊन परतले, आणि रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा अभ्यास करू लागले.

आता शेळ्यांची गोष्ट. १९०० च्या सुमारास एर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोट यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. टोचलेल्या शेळीच्या अंगात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्ये तयार झाली. पण तिच्या स्वतःच्या पेशींना त्यांनी धक्काही लावला नाही. शरीराला स्वतःवर विष टाकण्याची जणू धास्तीच असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला एक लॅटिन नाव दिले. ते इतके गाजले, की शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही, अशी समजूत वैद्यकात पक्की झाली.

माझ्या मते इथे एर्लिख यांच्यावर अन्याय झाला. स्वतःविरुद्धची द्रव्ये शरीरात बनणारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती आवरून धरणारी काही आतली व्यवस्था असली पाहिजे आणि ती बिघडली तर आजार होईल, हेही त्यांच्या मनात होते. लोकांनी पहिला अर्धा भाग उचलला. १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी माणसात असा एक रक्ताचा आजार दाखवून दिला, तरी समजूत पुढे कित्येक वर्षे हलली नाही.

ती हलवायला मोठी मदत केली एका जनावरांच्या डॉक्टरने. रॉबिन कूम्ब्स पशुवैद्यक शिकलेले. १९४५ मध्ये मोरंट आणि रेस यांच्याबरोबर त्यांनी एक तपासणी काढली, आर.एच. निगेटिव्ह गरोदर बायकांना तिचे नाव पाठ असते. तांबड्या पेशीवर स्वतःच्याच शरीराची द्रव्ये चिकटली आहेत का, हे तीच तपासणी कुत्र्यांतही दाखवते.

तेव्हा त्या दोन बायकांना द्यायचे उत्तर हे, की आवरून धरणारी व्यवस्था आतून बिघडली. बऱ्याच कुत्र्यांत कारण सापडतच नाही. काहींत गोचिडीतून आलेला बाबेसियासारखा जंतू ठिणगी टाकतो, म्हणून तो आधी तपासावा लागतो. गोचीड जरूर काढावी, पण घरच्या भाकरीला दोष देऊ नये.

घरच्यांना आधार लागतो तो पुढच्या दिवसांत. प्रेडनिसोलोन सुरू झाले की कुत्रे वखवखते, घटाघटा पाणी पिते, घरात लघवी करते. हे औषधामुळे होते, हे आधी कुणी सांगितले तर निम्मी चिडचिड वाचते. बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. डॉक्टर महिनोन्‌महिने हळूहळू कमी करतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच द्यायच्या नाहीत. कधी रक्त चढवावे लागते. कुत्र्यांतही रक्तगट असतात. पहिल्या खेपेला सहसा निभावते, पुढच्या खेपेला जुळवून पाहणे भागच. रक्त देणारे कुत्रे निरोगी, लस टोचलेले, पंचवीस किलोंच्या वरचे आणि गोचीडतापापासून मुक्त हवे. म्हणजे शेजारच्या लॅब्रॅडॉरच्या मालकाशी ओळख आधीपासून हवी, रात्री अकराला नव्हे. एवढे करूनही पहिल्या दोन आठवड्यांत काही कुत्री जातात. मी पाहिलेल्या दोनांपैकी एक गेले.

एर्लिख यांना १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल मिळाले. जपानी सहकारी हाता यांच्याबरोबर त्यांनी १९०९ मध्ये सहाशे सहा क्रमांकाचे संयुग सिफिलिसवर गुणकारी असल्याचे दाखवले आणि ते पुढच्या वर्षी साल्व्हरसान नावाने बाजारात आले. कीर्तीबरोबर निंदाही आली. २० ऑगस्ट १९१५ रोजी, महायुद्ध चालू असताना, ते एकसष्टाव्या वर्षी वारले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधल्या त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरली, कारण ते ज्यू होते. हेडविग यांना देश सोडावा लागला. १९४८ मध्ये त्या अमेरिकेत वारल्या.

अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये १९३५ साली सापडलेल्या जंतूला मॉश्कॉव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने एर्लिख यांचे नाव दिले, ते १९४५ मध्ये.