श्रीचक्रधरस्वामी व त्यांचा साधा पंथ

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, म्हणजे आपल्या जोतिबावर, जे विद्यार्थी जाऊन आले असतील त्यांस एक गोष्ट ठाऊक आहे. सासनकाठ्या नाचूं लागल्या व गुलालाची उधळण झाली, म्हणजे श्रीमंताचा फेटा कोणता व गरिबाची बंडी कोणती हें ओळखूं येत नाहीं. परंतु डोंगर उतरून घरीं आल्यावर गुलाल धुतला जातो, आणि ज्याचा त्याचा पोशाख ज्याची त्याची पायरी पुन्हां सांगूं लागतो. ही पायरीच नाहींशी करावी असें ज्यांनीं साडेसातशें वर्षांपूर्वीं मनावर घेतलें, त्या महानुभाव पंथाच्या संस्थापकाचें चरित्र आज थोडक्यांत पाहूं.

पंथाच्या परंपरेप्रमाणें चक्रधरस्वामी हे गुजराथेंतील भडोच येथील प्रधान विशालदेव यांचे पुत्र. त्यांचें मूळचें नांव हरिपाळदेव. ऐश्वर्यांत वाढलेल्या या तरुणास द्यूताचा नाद होता. एकदां ते मोठी रक्कम हरले व ती फेडण्यासाठीं त्यांनीं पत्नीपाशीं अलंकार मागितले. तिनें ते दिले नाहींत. त्या प्रसंगानें त्यांचें मन संसारांतून उडालें. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते निघाले, वाटेंत सोबतचा लवाजमा मागें सोडला, आणि वऱ्हाडांत रिद्धपूर येथें गोविंदप्रभूंच्या दर्शनानें कृतार्थ झाले. चक्रधर हें नांव त्यांस तेथेंच मिळालें.

पुढें सालबर्डीच्या डोंगरांत त्यांनीं दीर्घकाळ एकांतवास केला. तेथील एक कथा प्रसिद्ध आहे. पारध्यांनीं पाठलाग केलेला एक ससा धांवत येऊन त्यांच्या मांडीखालीं लपला. पारध्यांनीं तो मागितला. परंतु स्वामींनीं शरण आलेल्या जीवास सोडलें नाहीं, आणि त्यांच्या उपदेशानें पारध्यांनीं शिकारच सोडली. अहिंसा हा त्यांच्या शिकवणीचा पाया होता.

इ. स. १२६७ च्या सुमारास पैठण येथें त्यांनीं संन्यास घेतला व गोदावरीच्या कांठीं शिष्यांसह संचार आरंभिला. शिष्यांसाठीं त्यांनीं घालून दिलेले नियम कडक होते. आप्तांच्या ओढींत गुंतूं नये. निरनिराळ्या घरीं भिक्षा मागून मिळेल तें अन्न नदीकांठीं खावें. अंगावर जुनेंपानें वस्त्र असावें. मुंगीसही दुखवूं नये. या पंथांत ब्राह्मण व शूद्र, पुरुष व स्त्रिया यांस सारखाच अधिकार होता. स्त्रियांच्या विटाळाची कल्पनाही स्वामींनीं मानली नाहीं. महदाइसा ही आद्य मराठी कवयित्री त्यांच्याच शिष्यपरिवारांतील होय.

व्रतवैकल्यांचा प्रचंड ग्रंथ रचणारा यादवांचा मंत्री हेमाद्रि यास ही शिकवण रुचली नाहीं, असें पंथाचे ग्रंथ सांगतात. स्वामींचा छळ झाला. इ. स. १२७४ च्या सुमारास त्यांनीं उत्तरेकडे प्रयाण केलें, अशी पंथाची श्रद्धा आहे. मागें राहिलेल्या शिष्यांस नागदेवाचार्यांनीं सांभाळिलें. म्हाइंभटांनीं स्वामींच्या आठवणी परिश्रमपूर्वक गोळा करून 'लीळाचरित्र' हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. केशिराजासारखा पंडित संस्कृतांत लिहूं लागला तेव्हां, आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या अशानें ज्ञानास मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनीं त्यास मराठीकडे वळविलें.

पुढें पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळा आदि सांकेतिक लिपींत लिहिले. त्यामुळें ग्रंथ जपले गेले. परंतु आंत काय आहे हें न कळल्यानें लोकांनीं भलभलते तर्क केले. विरक्तांच्या काळसर वस्त्राची हेटाळणी झाली. 'मानभावी' म्हणजे ढोंगी, असा अर्थ आपल्या भाषेंत रूढ झाला तो या पंथाच्याच नांवावरून! विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं त्या लिपीचें कोडें उलगडलें, तेव्हां कोठें मराठीचें हें धन सर्वांस दिसलें.

वेगळ्या वेषाच्या लोकांविषयीं कुतूहल सर्वत्र असतें. अमेरिकेंतील आमिश ख्रिस्ती लोक इ. स. १६९३ मध्यें युरोपांत याकोब अम्मान याच्या मागें वेगळे झाले. ते आजही साधे, गडद रंगाचे कपडे घालतात व मोटार न ठेवतां घोडागाडींतून जातात. कोणीं वेषानें मिरवूं नये, हाच त्यांचाही हेतु. त्यांच्याकडे पाहूनही परके लोक हंसतातच.

विद्यार्थिमित्रहो, 'मानभावी' हा शब्द पुन्हां तुमच्या जिभेवर येईल तेव्हां क्षणभर थांबा. ज्यांनीं आपली मायबोली ग्रंथांत जपली, त्यांचें नांव आपण शिवी म्हणून वापरीत आहों, हें ध्यानांत असूं द्या.