गाडीचा ‘सेल्फ’ बनवणारा माणूस पेट्रोलमध्ये शिसंही घालून गेला

सकाळी माल भरायला निघायचंय. टेम्पो दारात उभा. चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. परत फिरवली, परत ‘टक’. शेजारचा एक जण सांगतो बॅटरी उतरली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला, तिसरा तर बाह्या सरसावून धक्का मारायलाच तयार.

आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो सेल्फ स्टार्टर. रोजच्या वापरात टिकेल असा इलेक्ट्रिक सेल्फ गाडीत बसवला चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. त्या ‘टक’मागे नेमकं काय बिघडलंय हे कळायला त्याचीच गोष्ट कामाला येते.

केटरिंगचा जन्म १८७६ चा, ओहायो राज्यातल्या लाउडनविलजवळच्या शेतावरचा. नजर इतकी अधू की वाचलं की डोकं ठणकायचं. आधी शाळामास्तर झाला, मग कॉलेजला गेला, डोळ्यांपायी ते सुटलं. मधल्या काळात टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत खड्डे खणले. शेवटी १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातला गल्ला तेव्हा हाताने दांडा फिरवून उघडायचा. केटरिंगने त्याला छोटी मोटर बसवली. त्यातून एक गोष्ट त्याला कळली. मोटरला दिवसभर काम करायचं नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर ती छोटी असली तरी चालते.

आता त्या काळची गाडी बघा. पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून, जीव लावून फिरवायचं. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाला ज्यांनी हँडल मारलंय त्यांना पुढचं सांगायला नको. इंजिनाने वेळेआधी भडका घेतला की हँडल उलटं येतं आणि मनगट मोडतं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका फ्रॅक्चरला हाडांचे डॉक्टर आजही ‘शॉफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरचं फ्रॅक्चर. असं सांगतात की कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच उलट्या हँडलने जखमी झाले आणि त्यातच गेले. गोष्टीच्या तपशिलांवर वाद आहेत, पण लेलँड यांना हँडल नको होतं हे खरं.

केटरिंग आणि त्याचा सहकारी एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी काढली होती. काम चालायचं डीड्सच्या घरामागच्या कोठारात. कॅश रजिस्टर कंपनीतले दोस्त रात्री आणि रविवारी येऊन राबायचे. कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन त्यांनी आधीच बनवलं होतं. आता सेल्फची पाळी.

इंजिन फिरवायचं तर गाडीएवढी मोठी मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगने गल्ल्याचा हिशेब लावला. काम काही सेकंदांचंच आहे, मग मोटरवर बेसुमार लोड टाकला तरी ती जळणार नाही. १९११ मध्ये चाचणी झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ बसून आला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर डायनामो होऊन बॅटरी चार्ज करायची. हँडलच्या भीतीने बॅटरीवरची इलेक्ट्रिक गाडी घेणारे तेव्हा बरेच होते. ते गिऱ्हाईकही आता पेट्रोलकडे वळलं.

आता आपल्या टेम्पोकडे या. सेल्फ त्या दोन-चार सेकंदांत बॅटरीतून प्रचंड करंट ओढतो, म्हणून बहुतेक वेळा घोळ बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असतो. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, केबिनमधला दिवा लावून चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलीय. दिवा तसाच राहिला आणि नुसतं ‘टक’ झालं, तर संशय सेल्फवर. इंजिन दणादण फिरतंय पण धरत नाही, तर सेल्फला शिव्या देऊ नका, त्याने त्याचं काम केलंय. डिझेल गाडी असेल तर टाकी, फिल्टर आणि लाइनमध्ये शिरलेली हवा बघा.

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. इथून गोष्ट काळवंडते. तेव्हाच्या इंजिनांमध्ये नॉकिंग व्हायचं आणि त्याचं खापर केटरिंगच्या इग्निशनवर फुटायचं. ते त्याला झोंबलं. दोष इंधनाचा आहे हे त्याच्या टीमने दाखवलं. १९२१ मध्ये टीममधल्या थॉमस मिजलीला उपाय सापडला, टेट्राइथाइल लेड. पेट्रोलमध्ये थोडंसं शिसं, नॉकिंग बंद. अल्कोहोल मिसळूनही हे साधतं, हे दोघांना ठाऊक होतं. पण अल्कोहोलवर कुणाचा मालकी हक्क नव्हता, शिशाच्या मिश्रणावर मिळाला.

शिसं विषारी असतं ही काही नवी माहिती नव्हती. हे पेट्रोल विकायला १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन निघाली, केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत या रसायनाने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री थांबली, सरकारी समिती बसली, १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. माझ्या मते केटरिंगचा हिशेब इथे चुकला. सेल्फमध्ये काही सेकंदांचं गणित पुरलं होतं. शिसं मात्र धुरातून निघून मातीत, रक्तात, लहान मुलांच्या मेंदूत साठत गेलं.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनासाठी स्लोन-केटरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली, तीही याच्याच नावाने. १९५८ मध्ये डेटनला तो वारला तेव्हा पंपापंपांवर शिशाचंच पेट्रोल होतं. भारतात ते २००० साली बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

आणि हो, टेम्पोची बॅटरी आतून अजून शिशाचीच असते. टर्मिनल घासून साफ केलं की चहाला बसण्याआधी हात साबणाने धुवा.