जीन क्लार्क
हॅरोल्ड यूजीन ऊर्फ जीन क्लार्क (जन्म : टिप्टन, मिझुरी, १७ नोव्हेंबर १९४४, मृत्यू : शर्मन ओक्स, कॅलिफोर्निया, २४ मे १९९१) हे अमेरिकन गायक व गीतकार होते. लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्या ‘द बर्ड्‌ज’ या वाद्यवृंदाच्या पाच मूळ सदस्यांपैकी ते एक होत.

१९६३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रल्स’ या नामांकित लोकगीतमंडळीत त्यांना स्थान मिळाले. तेरा भावंडांच्या कुटुंबातील तरुणासाठी ही मोठीच संधी होती. परंतु तेथे स्वतःच्या रचनांना फारसा वाव नव्हता. बीटल्सची गाणी ऐकल्यावर १९६४ च्या आरंभी त्यांनी ही मंडळी सोडली व लॉस एंजेलिस गाठले. तेथील ‘ट्रूबाडूर’ या गायनस्थळी त्यांची जिम (पुढे रॉजर) मॅग्विन यांच्याशी भेट झाली. डेव्हिड क्रॉस्बी, क्रिस हिलमन आणि मायकेल क्लार्क नंतर येऊन मिळाले.

बॉब डिलन यांच्या ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ या गीताचे बर्ड्‌जने केलेले ध्वनिमुद्रण १९६५ मध्ये अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचले. मॅग्विन यांची बारा तारांची विद्युत गिटार ही वृंदाची ओळख ठरली. तथापि आरंभीच्या काळात वृंदाचे प्रमुख गीतकार क्लार्कच होते. गीतलेखनाचे मानधन स्वतंत्र मिळत असल्याने त्यांची प्राप्ती इतरांहून अधिक झाली आणि त्यातून कुरबुरी वाढल्या. रंगमंचावरील त्यांची गिटारही क्रॉस्बी यांच्याकडे गेली; क्लार्क यांच्या हाती खंजिरी उरली.

त्यातच त्यांना विमानप्रवासाची विलक्षण धास्ती होती. १९६६ च्या प्रारंभी न्यूयॉर्कला निघालेल्या विमानातून ते उड्डाणापूर्वीच उतरले आणि वृंदापासून वेगळे झाले. लंडनच्या विमानप्रवासावरून सुचलेले ‘एट माइल्स हाय’ हे गीत मुख्यत्वे त्यांचेच. ते प्रसिद्ध झाले तेव्हा मात्र ते वृंदात नव्हते. या गीताच्या वादनावर जॉन कोल्ट्रेन यांच्याप्रमाणे पंडित रविशंकर यांच्या सतारवादनाचाही प्रभाव होता. १९६७ मध्ये ते वृंदात परतले, पण त्याच धास्तीमुळे जेमतेम तीन आठवडे टिकले.

पुढील काळातील ‘व्हाइट लाइट’ (१९७१) व ‘नो अदर’ (१९७४) हे त्यांचे उत्कृष्ट संग्रह होत. ‘नो अदर’ला त्या वेळी व्यावसायिक यश लाभले नाही, त्याचे मोल रसिकांना फार उशिरा उमगले. मद्य व अमली पदार्थांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली. जानेवारी १९९१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मधील समावेशाच्या वेळी पाचही मूळ सदस्य एकत्र आले. त्यानंतर चार महिन्यांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी क्लार्क यांचे निधन झाले. त्यांचे दफन टिप्टन येथे करण्यात आले.