मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग

व्याकरणाचा तास आला कीं आपणांपैकीं कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात. नाम, सर्वनाम, विशेषण हे शब्द आपण घोकतों. परंतु ते मराठी मुलांच्या हातीं देण्यासाठीं ज्यांनीं मोठे परिश्रम केले, त्या शिक्षकाचें स्मरण क्वचितच करितों. ते दादोबा पांडुरंग तर्खडकर होत.

दादोबांचा जन्म १८१४ सालीं मुंबईस झाला. त्या काळीं विद्वान संस्कृताकडे पाहत व नोकरीची आशा धरणारे इंग्रजीकडे. बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें होतें; परंतु तें इंग्रजींत असून परदेशी विद्यार्थ्यांसाठीं होतें. मराठी मुलास आपलीच बोली आपल्याच भाषेंतून उलगडून दाखविणें हें काम उरलें होतें. दादोबांनीं तें अंगावर घेतलें आणि १८३६ सालीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, आपलें व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढील आवृत्त्यांत त्यांनीं तें सुधारिलें व वाढविलें.

ते शिक्षक होते, तसेच समाजसुधारकही होते. १८४४ सालीं सुरतेस मानवधर्मसभा व १८४९ सालीं मुंबईस परमहंस सभा स्थापण्यांत त्यांचा पुढाकार होता. जातिभेद मोडूं इच्छिणाऱ्या या दुसऱ्या सभेचें कार्य गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास गुपित फुटलें व सभा मोडली. गुप्तपणें केलेलें धाडस विरलें. उघडपणें शिकविलेलें व्याकरण मात्र टिकलें.

१८६५ सालीं त्यांनीं मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. व्याकरणकार कवितेकडे वळला, यांत नवल नाहीं. कवितेंत कर्ता शेवटीं बसतो, विशेषण नामापासून दूर जातें. त्यांचीं नातीं जुळविल्याशिवाय अर्थ लागत नाहीं. तेथें व्याकरण हें ओझें नसून दिवा होतें.

हाच धडा आम्हीं लहान मुलांच्या वर्गांत गिरविला. पहिल्या ओळींत एक नाम, दुसरींत दोन विशेषणें, तिसरींत तीन क्रियापदें, चौथींत एक उद्गार, अशी कविता करावयास सांगितली. एकानें गोदावरी घेतली आणि क्रियापदांच्या ओळींत ‘वाहणारी’ लिहिलें. शेजारचा मुलगा म्हणाला, हा शब्द तर नदी कशी तें सांगतो! वर्गांत वाद माजला. शेवटीं ‘वाहते’ लिहून ओळ पुरी झाली. जी गोष्ट आठवडाभर घोकून कळली नव्हती, ती त्या घटकेंत कळली.

नांदेड व लातूर येथील मुलांस याचें मोल अधिक वाटावें. १९४८ सालापर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें उच्च शिक्षणाचें मुख्य माध्यम उर्दू होतें. आपल्या कित्येक आजोबांनीं घरीं मराठी बोलून शास्त्र व गणित मात्र परक्या शब्दांत शिकलें. उर्दूही गोड भाषा आहे. परंतु स्वतःच्या बोलीचे नियम न जाणणारा मनुष्य आपल्याच घरीं पाहुणा राहतो.

दादोबा १८८२ सालीं वारले. मुलांनो, पुढच्या वेळीं व्याकरणाचें पुस्तक उघडाल, तेव्हां प्रथम चार ओळी स्वतः रचा व मग त्यांतील शब्द ओळखा. त्या शिक्षकाचें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाहीं.