तरंगते डोंगर

१८५८ च्या एप्रिलात इंग्रजांनी झाशी घेतली. तेथील राणीचे शौर्य आपणांस शाळेपासून ठाऊक आहे. त्याच महिन्याच्या २३ तारखेस गंगामूळच्या अरण्यात दुसऱ्या एका लक्ष्मीबाईंच्या, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पत्नीच्या पोटी पंडिता रमाबाई जन्मल्या. यांची झुंज भयाशी होती.

देव प्रसन्न व्हावा म्हणून डोंगरे कुटुंबाने व्रते, दाने व तीर्थयात्रा यांत होते नव्हते ते वेचले. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोघे भावंडे हिमालयातील एका सरोवरी पोहोचली. पुण्यवंताकडे तेथील डोंगर तरंगत येतात, पाण्यात मात्र सुसरी आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. एके पहाटे भाऊ श्रीनिवास पाण्यात उतरलाच. डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती, दगड व लावलेली झाडे! मागून पुजाऱ्यांची होडी ते ढकलीत असे. सुसरींचे भय कोणाच्या उपयोगाचे होते, हे निराळे सांगावयास नको.

१८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ताच्या ठायी निश्चिंतता लाभण्यास आणखी काही वर्षे लागली. (आपल्यातही बाप्तिस्मा झालेल्या घरांच्या दारी लिंबू-मिरची दिसतेच ना?) पुढे ज्या विधवांचे दर्शनही लोक अशुभ मानीत, त्यांना या विधवेने केडगावी आपल्या घरात घेतले.