रघुनाथ धोंडो कर्वे : उत्तरे दिल्याचा गुन्हा



इ. स. पूर्व 399 मध्ये ग्रीस देशातील अथेन्स नगरीत सॉक्रेटिस नावाच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर खटला झाला. तो नगराचे देव मानीत नाही व तरुणांना बिघडवितो, हे आरोप. त्याचा उद्योग एवढाच, की तो लोकांना प्रश्न विचारी. त्याला विषाचा प्याला प्यावा लागला. शिष्य प्लेटोने ही हकीकत संवादरूपाने लिहून ठेवली.

असाच खटला आपल्या महाराष्ट्रातील एका विचारवंतावर झाला. त्याचा गुन्हा प्रश्नांना उत्तरे देण्याचा होता. आणि त्याचे वकीलपत्र कोणी घेतले, हे आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म 1882, कोकणात मुरूड येथे. शिक्षण पुण्यास, न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेजात. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. वरचेवरच्या बाळंतपणांनी बाया खंगतात, मरतात, याची त्यांना खंत होती. म्हणून 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हे काम की नोकरी, असा पेच पडला, तेव्हा 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. नवराबायकोही एकमेकांशी जे बोलत नसत, ते वाचक पत्राने विचारीत. कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर छापीत.

सनातन्यांना हे कसे खपावे? 1931 साली पुण्यातील सनातनी मंडळींनी अश्लीलतेचा खटला भरला. कर्व्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 साली त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! अस्पृश्यांचे लढे चालू असतानाही त्यांनी हे काम अंगावर घेतले. त्यांचे म्हणणे असे, की लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. कोर्टाला ते पटले नाही. 200 रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक मात्र बंद केले नाही.

बाबासाहेबही थांबले नाहीत. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात मांडला गेला. तोही फेटाळला गेला. पण 1952 साली खुद्द भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या विचाराला दंड झाला, तोच अठरा वर्षांनी सरकारी धोरण झाला.

14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे वारले. मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालविले. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, नागपूरला काय घडले, हे तुम्हांस सांगायला नको.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरातील मुलीने किंवा सुनेने आपल्या शरीराविषयी, आरोग्याविषयी काही विचारले, तर तिला गप्प बसवू नका. माहीत असेल ते सांगा, नसेल तर डॉक्टरकडे न्या. प्रश्न विचारणारा आरोपी ठरतो ते अथेन्स आपल्या घरात नको.