रोहा ते ब्रेटन वुड्स

महाडहून रायगडला जाताना वाटेत नाते नावाचं गाव लागतं. आपली ट्रेकची गाडी तिथे कधीच थांबत नाही. सगळ्यांचं लक्ष पाचाडला चहा मिळेल की नाही याच्याकडे असतं. पण याच नात्यात १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेल्या एका मुलाची सही पुढे साऱ्या हिंदुस्थानातल्या लोकांच्या खिशातल्या नोटांवर होती. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. दिल्लीकर त्यांना सी. डी. म्हणत. (सीडी म्हटलं की आपल्या सीनियर बॅचेसना ड्राइव्हमध्ये घालायची चकती आठवत असेल, त्याला इलाज नाही.)

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आम्हाला आयएमएफ आणि वर्ल्ड बँक हे सिव्हिक्सच्या पुस्तकात फुलफॉर्म पाठ करण्यापुरते होते. इथे आल्यावर ते ग्रुप डिस्कशनमध्ये शिव्या घालायचे हक्काचे विषय झाले. गोऱ्या लोकांनी गोऱ्या लोकांसाठी काढलेल्या संस्था, हे वाक्य मी स्वतः किमान तीन जीडींमध्ये ऐकलंय. त्या संस्था जिथे जन्मल्या त्या टेबलाशी आपल्या कुलाबा जिल्ह्यातला, रोह्याचा माणूस बसला होता, हे मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

सी. डीं.चं बालपण रोह्यात गेलं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख तिथे वकिली करत. आई भागीरथीबाई. रोहा म्हणजे कुंडलिकेच्या काठचं गाव. हीच नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. आज आपण रोह्याला ट्रेन पकडतो, पण तिथे रेल्वे पोहोचली १९८६ मध्ये, म्हणजे सी. डी. गेल्यानंतर. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं तर खाडी गाठायची आणि बोट धरायची. ते मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले आणि १९१२ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. तेव्हाचं मुंबई विद्यापीठ म्हणजे आत्ताचं नव्हे हं, सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख त्यात येत होता. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. आपल्यातले बरेच जण संस्कृत घेतात ते स्कोअरिंग म्हणून आणि दहावीनंतर विसरतात. ह्या माणसाने ती भाषा आयुष्यभर सोडली नाही. मेघदूताचा मराठीत अनुवाद केला, गांधीजींची निवडक वचनं संस्कृत श्लोकांत आणली आणि स्वतःच्या संस्कृत कवितांचं पुस्तकही काढलं. अर्थमंत्री हे सगळं करायला वेळ कुठून काढत असेल कोण जाणे!

केंब्रिजला जीझस कॉलेजमध्ये त्यांनी घेतलं काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. म्हणजे देशाचा पैसा सांभाळणारा हा माणूस मुळात सायन्सवाला! वनस्पतिशास्त्रात त्यांना बक्षीस मिळालं आणि बागेचं वेड शेवटपर्यंत राहिलं. १९१८ मध्ये आयसीएसची परीक्षा दिली, ती लंडनला होत असे. त्यातही पहिला नंबर. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सुमारे वीस वर्षं सरकारी नोकरी. मधे १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत सचिवालयाचं काम केलं. या वीस वर्षांवर मी फार लिहीत नाही. जमीनमहसूल आणि फायली हे विषय महत्त्वाचे असले तरी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचण्यासारखे नाहीत.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ चालू होता. महागाई भडकलेली. इंग्रज सरकार युद्धासाठी हिंदुस्थानातून माल आणि सैन्याचा खर्च उचलत होतं आणि त्याबदल्यात लंडनमध्ये आपल्या नावावर पौंड जमा दाखवत होतं. त्या पौंडांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. सोप्या भाषेत, मेसचा कॉन्ट्रॅक्टर आपल्याकडून रोख घेतो आणि वहीत लिहून ठेवतो की नंतर देईन, तसा प्रकार. फक्त ही उधारी युद्ध संपेपर्यंत शंभर कोटी पौंडांच्या वर गेली होती. तिला स्टर्लिंग शिल्लक म्हणत.

जुलै १९४४. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स नावाची जागा. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठ्ठं हॉटेल. तिथे ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे बसले आणि युद्धानंतरच्या जगात पैशाचे व्यवहार कसे चालतील हे ठरवलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथूनच निघाल्या. हिंदुस्थान तेव्हा गुलामीत होता तरी त्याचं वेगळं शिष्टमंडळ होतं. प्रमुख इंग्रज, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थसदस्य जेरेमी रेसमन. बरोबर सी. डी. देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. ब्रिटिश बाजूने खुद्द जॉन मेनार्ड केन्स, ज्यांचं नाव आपल्याला इकॉनॉमिक्सच्या एका सेमिस्टरपुरतं माहीत असतं.

म्हणजे परिस्थिती बघा. ज्याने आपले पैसे थकवलेत तोच टेबलाच्या पलीकडे बसलाय, आणि आपल्या बाजूचा कॅप्टनही त्याच्याच देशाचा! तरीसुद्धा भारतीय सदस्यांनी दोन गोष्टी लावून धरल्या. एक, युद्धाची ही थकबाकी नाणेनिधीने विचारात घ्यावी. दुसरी, निधीच्या उद्देशांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख असावा. पहिली मागणी फेटाळली गेली. केन्स यांनी ब्रिटन देणं फेडेल असं आश्वासन तेवढं दिलं. दुसरी मागणी हवी तशी मान्य झाली नाही, पण सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास असे शब्द उद्देशांत आले. निधीतला हिंदुस्थानचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला, क्रमांक सहावा. पहिल्या पाच देशांना संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमायचा हक्क होता. मग सोव्हिएत रशियाने सभासदत्व घेतलंच नाही, आणि सहावा हिंदुस्थान पाचवा झाला. वेटिंग लिस्ट क्लिअर झाली! स्वातंत्र्याच्या आधीच आपला संचालक तिथे बसला तो असा.

मला विचाराल तर हे यश अर्धंच होतं. ४४ देशांमध्ये बसून जे मिळालं ते शब्द होते, आणि पैसे लंडनमध्येच होते. पण त्या शब्दांवर पुढे काम झालं. १९४९ मध्ये सी. डी. गव्हर्नरपदावरून मोकळे झाले आणि नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी खास आर्थिक दूत नेमलं. त्याच वर्षी जागतिक बँकेने भारताला पहिलं कर्ज दिलं, ३ कोटी ४० लाख डॉलर, रेल्वेसाठी. १९५० मध्ये पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्हींची वार्षिक सभा भरली तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत सी. डी. देशमुख होते. ब्रेटन वुड्सला सहाव्या नंबरसाठी भांडून नुकती कुठे सहा वर्षं झाली होती तर!

आता थोडं भविष्याबद्दल. आजकाल आंतरराष्ट्रीय संस्था फक्त पैशाच्या नसतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या असतात, भविष्याचा अभ्यास करणाऱ्याही असतात. वर्ल्ड फ्यूचर सोसायटी १९६६ ची, क्लब ऑफ रोम १९६८ चा. आपल्याकडे प्लेसमेंटच्या आधी एक ट्रेनर येऊन गेले, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाले. त्यांनी प्रत्येकाला विचारलं की पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. बहुतेकांनी कंपनीचं नाव सांगितलं, एकाने कॅनडा सांगितलं. पण पाच वर्षांनी देशाला कुठे बघता, हा प्रश्न ज्यांनी रोजचं काम म्हणून घेतला त्यात सी. डी. होते. एप्रिल १९५० मध्ये ते नव्याने निघालेल्या नियोजन आयोगावर गेले आणि जूनमध्ये अर्थमंत्री झाले. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ ते १९५६. विकासाचा अंदाज वर्षाला २.१ टक्के होता, प्रत्यक्षात ३.६ टक्के झाला. (पाऊस चांगला झाला हेही त्यात आलं.) कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे ते १९४५ पासून अध्यक्ष होते. तिथल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी दुसऱ्या योजनेचं गणिती मॉडेल केलं. अवजड उद्योग, पोलाद, मशीन बनवणारी मशीनं. आपल्यासारख्या इंजिनिअरांच्या नोकऱ्या तिथून सुरू होतात म्हणा ना.

पण मॉडेल ते मॉडेल. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये वेगळं मत नोंदवलं की एवढा तुटीचा खर्च झेपणार नाही. १९५७ मध्ये परकीय चलनाची तंगी आलीच. ब्रेटन वुड्सला ज्यासाठी एवढं भांडण झालं ती स्टर्लिंग शिल्लक त्या सुमारास जवळजवळ संपली. त्यात सी. डीं.चा वाटा किती यावर वाद घालता येईल, कारण तोवर ते मंत्रिमंडळात नव्हते. पण योजना आखण्यात ते होते, हे सोडून देता येणार नाही. नियोजन आयोग १ जानेवारी २०१५ पासून राहिला नाही, त्याच्या जागी नीती आयोग आला.

ते मंत्रिमंडळात का नव्हते, तो भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. १९५२ च्या निवडणुकीत सी. डी. कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. म्हणजे आपलेच खासदार! जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी रेडिओवर जाहीर केलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात मेलेल्यांचा आकडा पुढे शंभराच्या वर गेला. सी. डीं.नी त्याच जानेवारीत राजीनामा दिला. नेहरूंनी थांबायला सांगितलं. आता गंमत अशी की त्याच महिन्यात, १९ तारखेला, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण यांनीच रेडिओवरून जाहीर केलं. २४५ कंपन्या एकत्र करून पुढे एलआयसी झाली. फेब्रुवारीअखेर त्यांनी बजेटही मांडलं. मनात बॅग भरलेली, आणि काम एक दिवसही बंद नाही. शेवटी जुलैमध्ये ते बाहेर पडले. लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टी बोलून दाखवल्या: मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी केली गेली नाही.

त्यांच्याबद्दल एक तक्रार तेव्हाही होती की ते जनतेचे पुढारी नव्हते. भाषण गाजवणारे नव्हते, मोर्च्यात चालणारेही नव्हते. लढा अत्र्यांनी, डांग्यांनी, एसेम जोशींनी रस्त्यावर लढवला, ते खरंच आहे. पण अर्थखातं हातात असताना ते सोडणारा महाराष्ट्रातून एकच निघाला. पॅरिसला जगाच्या सभेचा अध्यक्ष झालेला माणूस कुलाब्याच्या मतदारांसाठी खुर्ची सोडतो, याचं मोल मला तरी कमी वाटत नाही. महाराष्ट्र मुंबईसह झाला तो १ मे १९६० ला.

राजीनाम्यानंतर लगेच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आपल्या कॉलेजात नॅकची कमिटी येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो ना, ते नॅक काढलं याच यूजीसीने, पण ते खूप नंतर, १९९४ मध्ये. १९५९ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ पासून पाच वर्षं ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजची धुराही त्यांनी अनेक वर्षं वाहिली. तिथे मोठे अधिकारी आणि मॅनेजर पुन्हा विद्यार्थी होऊन शिकायला येतात.

आणि दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर. टोकियोच्या इंटरनॅशनल हाउसवरून कल्पना आली आणि रॉकफेलर फाउंडेशनची मदत मिळाली. १९६० मध्ये कोनशिला बसवली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी. जोसेफ स्टाइन यांची इमारत लोदी गार्डनला लागून आहे आणि २२ जानेवारी १९६२ ला तिचं उद्घाटन झालं. वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी एका छपराखाली राहावं, जेवावं, वाद घालावेत, एवढाच हेतू. सी. डी. तिचे पहिले अध्यक्ष.

उद्घाटनाचा तो दिवस त्यांच्या लग्नाचाही होता. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्यांच्यानंतर २२ जानेवारी १९५३ ला सी. डीं.नी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई आंध्रच्या स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्य आणि त्या वेळी नियोजन आयोगावर. एकाच आयोगाच्या टेबलावर जमलेलं लग्न! साक्षीदार म्हणून सही होती पंडित नेहरूंची. त्याच नेहरूंकडे तीन वर्षांनी राजीनामा गेला, तरी १९७५ मध्ये नवरा-बायको दोघांना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. मधे १९६९ मध्ये सी. डी. राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. मॅट्रिक आणि आयसीएसला पहिला आलेला माणूस इथे तिसरा. ती निवडणूक गिरी जिंकले.

दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. सी. डी. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला वारले. त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय, इंग्रजीत, १९७४ चं. रोह्यात कॉमर्स आणि आर्ट्सचं कॉलेज आहे, त्याच्या पाटीवर डॉ. सी. डी. देशमुख हे नाव आहे, आणि तिथली मुलं सकाळी साळाव-रेवदंड्याकडच्या एसटीने येतात.